काट्यांपासून हातभर

लायनफिश संध्याकाळी जागा होतो. दिवसभर तो कपारीच्या छताला पोट लावून उलटा टांगलेला असतो. नवख्याला तो मेलाच वाटावा. माझ्या टाकीवरचा दिवा मंद झाला की आधी त्याचे डोळे फिरतात, मग तो अंग सोडून खाली येतो आणि एक मोठी जांभई देतो. जबडा नळीसारखा पुढे निघतो, कल्ले फाकतात आणि पाठीवरचे तेरा काटे उभे राहतात. काचेला नाक लावून पाहिलं तर काट्यावरचं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं तलम आवरणही दिसतं. त्याखाली प्रत्येक काट्याला लांबीभर दोन खाचा असतात आणि त्या खाचांत विष तयार करणारा पेशींचा थर असतो. पाठीवर तेरा, पोटाखालच्या दोन परांना एकेक आणि शेपटीच्या अलीकडे खाली तीन, असे अठरा विषारी काटे. पंखांसारखे पसरणारे ते देखणे बाजूचे पर मात्र निर्विष आहेत. पाहणाऱ्याची नजर नेमकी त्यांच्यावरच खिळते.

नागाच्या दातामागे असते तशी विष ढकलणारी पिशवी या माशाकडे नाही. जो काट्यावर दाबला जाईल, त्याच्याच जोराने आवरण मागे सरकतं, पेशी फाटतात आणि विष जखमेत उतरतं. धोका वाटला तर मासा मान खाली घालून पाठीचे काटे त्या दिशेने रोखतो, क्वचित दोन बोटं पुढेही येतो. पण शिकार करताना तो विष वापरत नाही. शिकारीला त्याच्याकडे तोंड आहे, दम आहे आणि ते पसरट पर आहेत. विष फक्त इतरांनी त्याला गिळू नये यासाठी आहे.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारलं होतं, "काय हो, इतका विषारी मासा घरात कशाला? आणि तोही उरल्यात?" प्रश्नाचे दोन्ही भाग मला रास्त वाटले. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो.

उरला ही रायपूरच्या उत्तरेची, बिरगावला लागून असलेली औद्योगिक वसाहत. रीरोलिंग मिल, इंडक्शन भट्ट्या, फेरो अलॉयचे कारखाने, पलीकडे सिलतऱ्यात स्पंज आयर्न. गच्चीवरच्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी इथल्या प्रत्येक घराला ओळखीची आहे. सगळ्यात जवळचा समुद्र बंगालचा उपसागर, तोही सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर. आम्ही रायपूरची मराठी माणसं बरीचशी नागपूर-विदर्भाकडून आलेली: काही घराणी भोसल्यांच्या अमलात, काही रेल्वेबरोबर, काही भिलाईच्या पोलादाबरोबर. आमच्या घरात मासा म्हणजे तळ्यातला रोहू किंवा कतला. समुद्र आम्ही सहलीला जाऊन पाहिला.

तरीही विषारी मासा ही इथे परक्या मुलखातून आलेली गोष्ट नाही. बिरगावच्या बाजारात टोपलीत जिवंत सिंघी वळवळत असते. हा छत्तीसगढच्या तळ्यांतला, हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा. आजारातून उठलेल्याला त्याचा रस्सा देतात. त्याच्या छातीजवळच्या दोन काट्यांत विष असतं आणि ते लागलं की हात खांद्यापर्यंत ठणकतो. मासे विकणारी केवटीण सिंघी उचलते तेव्हा तिचा अंगठा आणि बोट नेमके त्या काट्यांच्या मागे बसतात. बघता बघता मासा टोपलीतून पाटावर येतो. शेजारी बसलेल्या पोराला ती मान वर न करता म्हणते, "येला झन छूबे." याला हात लावायचा नाही, एवढंच. तिच्या स्वरात भीती नसते, आणि आपण धोक्याचं काम करतो याचा तोराही नसतो.

मी रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सांभाळतो. भट्टीतून अकराशे-बाराशे अंशांना तापलेलं बिलेट, म्हणजे पोलादाचा लांबट ठोकळा, बाहेर पडतं, एकेका स्टँडमधून बारीक आणि लांब होत जातं आणि शेवटी सळई होऊन कूलिंग बेडवर पडतं. जुन्या मिलमध्ये अजूनही माणसं चिमट्यात लाल सळईचं टोक धरून पुढच्या रोलमध्ये घालतात. नव्या पोराला तिथे आधी काम शिकवत नाहीत, उभं राहायला शिकवतात. सळई रोल चुकवून उसळली, म्हणजे ज्याला आम्ही कॉबल म्हणतो तो झाला, तर ती कुठल्या बाजूला झेपावते, म्हणून कुठल्या बाजूला पाय ठेवायचा नाही, हा पहिला धडा. सळईचं माणसाशी वैर नसतं. तिच्या वाटेत कोण उभं आहे एवढ्यावर सगळं ठरतं. घरातल्या टाकीपुढे मी उभा राहतो तो याच शिकवणीने.

म्हणूनच असेल, मिलमधले सहकारी घरी आले की त्यांना हा मासा लवकर कळतो. शहरातले पाहुणे विचारतात, चावतो का, माणूस मरतो का. आमच्या रोलवरच्या एका जुन्या कामगाराने टाकीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "साफ करताना हात कुठून घालता?" नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. हौशी माणसांना लायनफिशचा काटा लागतो तो बहुधा टाकी साफ करताना नाहीतर मासा हलवताना. म्हणून काच आतून घासायला मी चुंबकाचा घासा वापरतो. हात बाहेर राहतो. दगड सरकवायचाच असेल तर आधी मासा डोळ्यांनी शोधायचा, तो दिसल्याशिवाय मनगट पाण्यात घालायचं नाही. दुसऱ्या माणसाने फक्त माशावर नजर ठेवायची. मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकचा पडदा सोडायचा. मासा हलवताना जाळी वापरायची नाही, कारण काटे जाळीत गुंततात आणि सोडवायला हात जातो. भांड्यातच पाण्यासकट घ्यायचा. यातलं एकही काम अवघड नाही. रोज तितक्याच मन लावून ते करत राहणं अवघड आहे, कारण मासा शांत असतो आणि शांत गोष्टीची माणसाला सवय होते.

आता समुद्राचं. माझी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच; साधारण साडेचारशे लिटर. त्यात नळाचं पाणी चालत नाही. आरओ करून, उरलेले क्षारही काढून पाणी कोरं करायचं आणि लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ मिसळायचं. हे मीठ स्वयंपाकातलं नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळं समुद्राच्या प्रमाणात असतं. घनता 1.025 च्या आसपास आली की पाणी दिवसभर फिरत ठेवायचं. एवढ्यानेही समुद्र झाला नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू दगडांत आणि वाळूत वाढावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. त्याला महिना, कधी दीड-दोन महिने लागतात आणि तोवर टाकी रिकामीच चालवावी लागते. दुकानातून पहिल्याच दिवशी मासा आणून सोडणाऱ्यांचे मासे का मरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. शिकारी मासा तर एका घासात भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. पाण्यातली घाण फेसात वेगळी करणाऱ्या प्रोटीन स्किमरच्या पेल्यात जमणारा काळपट, उग्र वासाचा फेस उपसताना माशाने काय खाल्लं होतं ते कळतं.

रायपूरचा मे महिना 44-45 अंशांचा. टाकीला 24 ते 27 हवेत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्यात आणखी कमी. म्हणजे चिलर बंद पडला की मासा आधी गुदमरू लागतो, उष्णतेने तो नंतर हरतो. वैशाखातल्या वादळात तार तुटून वीज गेली तर घरात पंखा कुणाचा बंद ठेवायचा हे ठरलेलं आहे: इन्व्हर्टरवर आधी हवेचा पंप आणि पाणी फिरवणारी मोटर, मग माणसं. हवेच्या पंपालाही इथे गाळणी लावावी लागते. खोलीतली हवा जशीच्या तशी पाण्यात गेली तर उरल्याची भुकटी पाण्यात जाते. अठरा काटे पाठीपोटाशी बाळगणारा हा प्राणी, ज्याला मोठ्या माशांची फारशी भीती नाही, तो माझ्या घरातल्या एका फ्यूजवर जगतो. त्याच्या विषाची चर्चा होते तेव्हा मला प्रत्येक वेळी हे सांगावंसं वाटतं. या घरात धोका जास्त कुणाला आहे, हे एकदा टाकीच्या मागच्या वायरी पाहून ठरवावं.

दगडांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला त्यांचं फार अप्रूप आहे. परदेशातल्या टाक्यांमध्ये प्रवाळाचे दगड असतात. आपल्याकडे 2001 पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्री घोडेही. ती विकत घेणं किंवा घरी ठेवणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मी वापरलेले दगड इथले आहेत. रायपूर ज्या थरावर वसलं आहे तो चुनखडीचा. बलोदाबाजार, तिल्द्याकडचे सिमेंट कारखाने याच चुनखडीवर चालतात, खारून नदीच्या पात्रात ती उघडी पडलेली दिसते. ही चुनखडी उथळ समुद्राच्या तळाशी साचली, शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी. तिच्यात जागोजागी स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी एकावर एक रचत नेलेले घुमट. मासा नावाचा प्राणी तेव्हा पृथ्वीवर नव्हता. काटा, जबडा, विष, यातलं काहीच नव्हतं. खाणीच्या कडेला पडलेले असे काही तुकडे मी निवडून आणले, गंजाची शीर दिसली तो बाजूला टाकला, उरलेले घासून धुतले, कोऱ्या पाण्यात भिजत ठेवले आणि ते पाणी पुन्हा पुन्हा तपासलं. त्यांतल्या एका तुकड्याची कड करवंटीएवढ्या अर्धगोलात वळलेली आहे, तिच्यावर नखाच्या जाडीच्या रेघा एकीखाली एक दिसतात. लायनफिशने दिवसाच्या मुक्कामाला तीच कपार निवडली आहे. उरल्यात समुद्र कुठला, असं कोणी म्हटलं की मी त्याला त्या रेघा दाखवतो.

मासा आला तो चेन्नईच्या बाजारातून, विमानाने रायपूरच्या मान्याच्या विमानतळावर. थर्माकोलच्या खोक्यात प्लास्टिकची पिशवी, तळाला पाणी, वर प्राणवायू. काट्यांनी पिशवी फाटते म्हणून एकात एक अशा पिशव्या. क्लाउनफिश आता माणसाने वाढवलेले मिळतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने त्यांचं प्रजनन करून दाखवलं आहे. लायनफिशचं तसं नाही. बाजारातला लायनफिश समुद्रातून पकडलेलाच असतो. हे माहीत असून मी तो घेतला. माझं मत असं की जो मासा दहा वर्षं सहज जगू शकतो, त्याला तेवढी वर्षं देण्याची तयारी असेल तरच हा व्यवहार कसाबसा समर्थनीय ठरतो. दिवाणखाना सजवायला आणून तीन महिन्यांत मारायचा आणि दुसरा आणायचा, ही क्रूरता आहे, मग टाकी कितीही किमती असो.

पहिले दिवस खाण्याचे. समुद्रातल्या लायनफिशला हलत नसलेलं अन्न हे अन्न वाटतच नाही. सुरुवातीला जिवंत काहीतरी द्यावं लागतं आणि इथे लोक सोपा मार्ग म्हणून गोल्डफिश टाकतात. तो मार्ग वाईट. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशच्या मांसात ब जीवनसत्त्वाचा नाश करणारं विकर असतं, चरबीही समुद्री माशाला मानवणारी नसते; काही महिन्यांत शिकारी मासा आतून खचतो. मी खाऱ्या पाण्याची सवय केलेली मॉलीची पिल्लं दिली, तीही सवय लागेपर्यंतच. मग विशाखापट्टणमकडून बर्फात येणारी कोळंबी सोलून, पारदर्शक काडीच्या टोकाला लावून त्याच्यासमोर हलवायला सुरुवात केली. तो बघायचा. पर पसरायचा. जवळ यायचा, एक डोळा तुकड्यावर, दुसरा माझ्यावर, आणि वळून जायचा. मी तुकडा काढून घ्यायचो. न खाल्लेलं मांस पाण्यात सोडणं म्हणजे पुन्हा अमोनिया.

ज्या संध्याकाळी त्याने घेतला, तेव्हा काय झालं ते डोळ्याला नीट दिसलंच नाही. त्याने दोन्ही पर भिंतीसारखे पसरून तुकड्याला कोपऱ्यात धरलं, तोंडाने पाण्याची बारीक फुंकर मारली, आणि पुढच्या क्षणी काडीचं टोक रिकामं होतं. फुंकर मी नंतर अनेकदा पाहिली. संशोधकांनीही ती नोंदली आहे: फुंकर बसली की लहान मासा प्रवाहाकडे तोंड करतो, म्हणजे थेट शिकाऱ्याकडे, आणि डोक्याकडून गिळला जातो. इतकी हुशार शिकार मी दुसऱ्या कुठल्या माशात पाहिलेली नाही. आता आठवड्यातून दोन-तीनदा देतो, अधिक नाही. तो मागतो, काचेपाशी येऊन वर-खाली करतो, पाहुण्यांना दया येते. पण लायनफिश गरजेपेक्षा जास्त खात राहतो, त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि तो मरतो लाडाने. घरात कुणालाही परस्पर खाऊ घालायची मुभा नाही.

अटलांटिकची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. हिंदी-प्रशांत महासागरातला हा मासा 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला. तो तिथे पोहोचला हौशी लोकांच्या टाक्यांतून, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे तो सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला. बहामामधल्या एका प्रयोगात एकेक लायनफिश असलेल्या लहान प्रवाळखडकांवर पाच आठवड्यांत नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांची भर 79 टक्क्यांनी घटलेली आढळली. तिथल्या लहान माशांना ही फुंकर, हे पर, हे पट्टे ओळखीचेच नव्हते. टाक्या बाळगणाऱ्या लोकांना मासा कंटाळवाणा झाला, मोठा झाला, टाकीत मावेना. त्यांना तो मारवेना, म्हणून त्यांनी तो समुद्रात सोडला. त्या दयेची किंमत एक महासागर मोजतो आहे. खारूनमध्ये सोडला तर हा मासा फार काळ जगणार नाही, पण म्हणून उरल्यात राहणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. आणलेला प्राणी शेवटपर्यंत आपला.

आमच्याकडे नागपंचमीला आजी भिंतीवर गंधाने नाग काढायची. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही. विषारी प्राण्याला दिलेला मान म्हणजे त्या दिवशी आपले हात थांबवणं, हे मला तेव्हापासून पटलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात हाच मान दुसऱ्या टोकाला गेला. जिवंत नाग पकडून, हाताळून, मिरवले जात. त्या गावाची श्रद्धा खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण उच्च न्यायालयाने त्या प्रथेला घातलेली बंदी मला योग्य वाटते, कारण मिरवणुकीत नागाला त्याचं बीळ आणि त्याचं अंतर दोन्ही नाकारलं जातं. लायनफिशला हातातून खाऊ घालतानाचे फोटो लोक हौसेने काढतात तेव्हा मला शिराळा आठवतो. असा फोटो काढणाऱ्याला मासा आवडत असेलही, पण त्या फोटोत तो स्वतःचं धाडस दाखवत असतो.

टाकीखालच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे, मोठ्या अक्षरांत, घरातल्या सगळ्यांसाठी. काटा लागला तर: हात पाण्याबाहेर. तुटलेला काटा दिसत असेल तर चिमट्याने काढा. हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, 45 अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. पाणी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा, कारण ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही आणि तो भाजतो. हे विष प्रथिनांचं असल्यामुळे उष्णतेने त्याचा जोर मोडतो. चक्कर, मळमळ, छातीत दडपण, श्वासाला त्रास, काहीही झालं तर वाट न बघता टाटीबंधचं एम्स. धनुर्वाताची सुई. निरोगी माणूस लायनफिशच्या काट्याने सहसा मरत नाही. वेदना मात्र तासन्‌तास असह्य असते. कपाटात थर्मामीटर आहे आणि एक मोठा थर्मास, जो टाकीत हात घालायच्या आधी भरला जातो, नंतर नाही. घरात रांगतं मूल असतं तर मी हा मासा आणला नसता.

मध्यंतरी दुकानदाराचा फोन आला. स्टोनफिश मिळतोय, म्हणाला, एकच नग आहे, तुमच्यासारख्या जाणकारालाच देईन. स्टोनफिश जगातल्या सर्वांत विषारी माशांत गणला जातो. पाठीवर त्यालाही तेराच्या आसपास काटे, पण जाड, आणि प्रत्येकाच्या बुडाशी विषाच्या भरलेल्या पिशव्या. तो दगडासारखा दिसतो, दगडासारखा पडून राहतो आणि वाळूत स्वतःला पुरून घेतो. त्याच्यावर प्रतिविष आहे, 1959 पासून ऑस्ट्रेलियात तयार होतं. रायपुरात रात्री दोन वाजता ते मिळेल, या भरवशावर मी घरातल्या कुणाचा हात पणाला लावू शकत नाही. लायनफिश आपलं विष पट्ट्यांनी, परांनी जाहीर करून फिरतो. मी कितीही थकून आलो असलो तरी तो कुठे आहे ते मला दिसतं. न दिसणाऱ्या माशापासून अंतर राखायचं तर दर वेळी अंदाजच करावा लागतो, आणि मिलमध्ये आम्ही अंदाजावर पाय टाकत नाही. शिवाय ज्याला पुरून घ्यायचं असतं त्याला बघायला म्हणून काचेत ठेवायचं, हेही मला पटेना. मी नको म्हणालो. दुकानदाराने किंमत कमी केली. मी पुन्हा नको म्हणालो, आणि ज्याला विकाल त्याला गरम पाण्याचं आणि एम्सचं आधी सांगा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.